दाबून भरलेली मोहरी

१

कवटी मोजायला मोहरी लागते. हे सांगितलं की लोकांना मी थट्टा करते आहे असं वाटतं. पण आमच्या विभागात अजून असंच चालतं. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची फट, कुठे भोक पडलेलं असेल तर ते, सगळं कापसाने बंद करायचं. कवटी उलटी करून वाळूच्या उशीवर बसवायची. तळाला एक मोठं भोक असतं, जिवंतपणी मज्जारज्जू त्यातून मेंदूकडे जातो. त्याला नरसाळं लावायचं आणि बारीक, कोरडी मोहरी ओतायची. हलवायची, ठोकायची, अंगठ्याने दाबायची, पुन्हा ओतायची. भरली की मोजपात्रात उलटायची. त्या डोक्यात मेंदूला किती जागा होती ते कळतं.

या कामासाठी आता यंत्रं आली आहेत. आमच्याकडेही एक आहे. त्याच्यावर सर आपला कोट टांगतात.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. त्यांचं नाव झालं ते एका सूत्रामुळे. तरुणपणी त्यांनी शहराच्या रुग्णालयातली बेवारस प्रेतं घेतली, सगळी मैदानी भागातल्या लोकांची, आणि त्यांच्या कवट्या मोजून पुरुष कुठला नि बाई कुठली हे ओळखायचं गणित बसवलं. भुवयांवरच्या हाडाचा उंचवटा, कानामागच्या हाडाची लांबी, कवटीची रुंदी, मोहरीचं माप. प्रत्येकाला एकेका आकड्याने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरीज रेषेच्या वर गेली की पुरुष, खाली राहिली की स्त्री. मग तेच गणित त्यांनी सरसकट सगळ्यांना लावलं. डोंगरातल्यांना, किनाऱ्यावरच्यांना, वाळवंटातून आलेल्यांना.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं एक अख्खं कपाट आमच्याकडे आहे. ती माणसं बारीक चणीची. सरांच्या गणिताने त्या कपाटात एकही पुरुष निघालेला नाही. मी विचारलं होतं, "सर, मग मासे कोण धरत होतं?"

"पुरुष समुद्रात बुडत असतील," सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

सगळा संग्रह नव्याने मोजायचा आणि सूत्र अजूनही बरोबर आहे असं लिहायचं, हे माझं संशोधन.

"बरोबर आहे का ते बघायचं ना?" मी विचारलं.

शेजारच्या टेबलावरच्या सहायक मॅडमनी मान खाली घालूनच उत्तर दिलं, "अगं, बघायचंय काय त्यात? ते निवृत्त व्हायच्या आत लिहून मोकळी हो."

२

खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक कवटी होती. तिच्या चिठ्ठीवर सरांचं ठसठशीत अक्षर: पुरुष. अनोळखी. दगडखाणीत सापडलेला.

ती माझी मावशी.

मी लहान होते तेव्हा ती नाहीशी झाली. आईची धाकटी बहीण. शिवणकाम करायची, आमच्याच गल्लीत राहायची. एक दिवस तिचा नवरा, आमचा काका, दारात येऊन म्हणाला, "गेली तुमची बहीण कुणाचा तरी हात धरून." गल्लीला तेवढं पुरलं. पुढे शहराबाहेरच्या खाणीत हाडं सापडली तेव्हा आई धावत पोलिसांकडे गेली. पोलिसांनी कवटी सरांकडे पाठवली. सरांनी एका दुपारी मोहरी भरली, बेरीज केली आणि लिहून दिलं. हवालदाराने आईची समजूत घातली, "ताई, हा बाप्या आहे. तुमची बहीण असेल कुठेतरी सुखात. राहू द्या तिला."

आम्ही मूळचे डोंगरातले. आमच्यात बायकांचीही कपाळं जाड, जबडे रुंद, डोकी मोठी. पुरुषांची त्याहून मोठी. फरक असतोच, पण तो आमचा आमच्यात मोजायला हवा. कॉलेजात मुली मला पैलवान म्हणायच्या. विभागात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी हाडं मोजायचा चिमटा, कॅलिपर, स्वतःच्या डोक्याला लावला आणि अंदाजाने सरांचं सूत्र चालवून पाहिलं. मी पुरुष निघाले. आईचं डोकं मोजलं. आई माझ्याहून जास्त पुरुष निघाली.

कवटी मावशीची हे मला दातावरून कळलं. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक बारीक खाच आहे. आयुष्यभर दाताने दोरा तोडणाऱ्याला पडते. आईलाही आहे. आणि उजव्या कानशिलावर एक भोक आहे, अंगठ्याएवढं, कडा आत दबलेल्या. सरांच्या अहवालात त्याबद्दल तीनच शब्द आहेत: खाणीतला दगड लागून.

हाडाचं नि आईच्या रक्ताचं नातं जुळतं का हे आज सहज तपासता येतं. पण पोलीस म्हणाले, बेपत्ता बाई हुडकायला पुरुषाची कवटी कशाला तपासायची? आधी अहवाल बदलून आणा. अहवाल फक्त सर बदलू शकत होते. मी तेवढ्यासाठी तिथे गेले होते. बाकी सगळं निमित्त.

काका अजून आमच्या गल्लीतच राहतो. अधूनमधून येतो, पाय पसरून बसतो. आणि आई त्याला चहा करून देते. तिचा हा थंडपणा बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

३

मावशीची पाळी आली ती एका साध्या दुपारी. मोजणीची खोली लांबट आहे. दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग, कोपऱ्यात बेसिन. सहायक मॅडम डबा खायला गेल्या होत्या.

मी कापसाचे बोळे केले. डोळे बंद केले. नाक बंद केलं. कानशिलावरचं भोक बंद करताना मात्र बोट तिथेच थांबलं. मग तिला उलटी करून वाळूवर बसवलं आणि मोहरी ओतली.

आमचा नियम असा की आधी मोजपात्र काठोकाठ भरून घ्यायचं आणि त्यातूनच ओतायचं. शेवटी पात्रात उरलेली आणि कवटीतून निघालेली मोहरी मिळून पुन्हा काठोकाठ व्हायला हवी. म्हणजे सांडलवंड झाली नाही हे कळतं. मोहरी भोकाच्या कडेपर्यंत आली. मी हलकेच दाबली. मग कवटी उचलून मोजपात्रात उलटी केली.

पात्र काठोकाठ भरलं नाही. चांगली मूठभर मोहरी कमी होती.

मी टेबल पाहिलं, वाळू चाळली, फरशीवर हात फिरवला. कवटी पुन्हा पुन्हा उलटी करून ठोकली. आत काही हलत नव्हतं. बोळे काढून बॅटरीचा उजेड आत टाकला. आत स्वच्छ, पिवळसर, कोरडं हाड होतं. हाडांच्या पोकळ्यांत कुठेतरी अडकली असेल, मी स्वतःला सांगितलं. अडकते कधी कधी. दोन-चार दाणे अडकतात.

मूठभर नाही अडकत.

४

त्याच संध्याकाळी मी सरांच्या खोलीत गेले. दाताचा मोठा केलेला फोटो घेऊन.

"शिंप्याचा दात आहे," सर फोटो न उचलताच म्हणाले. "शिंपी पुरुषही असतात."

"सर, डोंगरातल्या बायकांची मापं तुमच्या सूत्रात कधी घेतलीच नाहीत. आमच्या बायकांची बेरीज तुमच्या पुरुषांच्या रेषेवर जाते. माझी स्वतःची जाते."

"तुझी जाते याचं मला नवल नाही." ते हसले. "हे बघ मुली, तू हुशार आहेस, पण तुला घाई फार. मी ती कवटी हातात घेतली होती. हाताला कळतं. भरताना कळतं. अंगठ्याखाली पुरुषाचं डोकं कसं मोहरी मागत राहतं, ते वर्षानुवर्षं केल्याशिवाय समजायचं नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भुवया बघून त्यांचं आधीच ठरलेलं होतं, हा पुरुष. म्हणून त्यांनी जोर लावून दाबली. बाई वाटली असती तर हलक्या हाताने भरली असती. दाबल्यामुळे जास्त मावली, जास्त मावली म्हणून पुरुष. असं ते आयुष्यभर करत आले होते आणि त्यांना एकदाही शंका आली नव्हती.

"अहवाल बदला, सर. निदान 'खात्री नाही' एवढं तरी लिहा. माझी आई इतकी वर्षं..."

"आईसाठी शास्त्र बदलतं का गं?" असं म्हणत त्यांनी करंगळी कानात घालून जोरात हलवली, मान एका बाजूला झुकवली, आणि चेहरा वाकडा केला.

"काय झालं, सर?"

"काही नाही. दुपारपासून कानात काहीतरी खुळखुळतंय. पाणी गेलं असेल अंघोळीचं."

मी फोटो उचलून बाहेर आले. रागाने माझे कान इतके तापले होते की त्या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही.

५

दुसऱ्यांदा भरली तेव्हा सगळी काळजी घेतली. बोळे मेणाने पक्के केले. वाळूखाली पांढरी चादर अंथरली. आधी दुसऱ्या दोन कवट्या भरून मोजपात्र पारखून घेतलं. त्यांची मोहरी दाण्यागणिक परत आली.

मग मावशीला घेतलं. या वेळी ती भरेचना. ओततेय, ओततेय, मोहरी आत जातेय, तोच सळसळ आवाज, पण कडेपर्यंत काही येत नव्हती. कान जवळ नेला तेव्हा आवाज वेगळा ऐकू आला. भांडं भरत आलं की ओतण्याचा आवाज चढत जातो, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही माहीत आहे. इथे आवाज चढत नव्हता. खोल, खूप लांब कुठेतरी पडत राहावं तसा एकसारखा होता.

अखेर कडेला आली. उलटी केली. जेवढी ओतली त्याच्या निम्मीसुद्धा बाहेर आली नाही. चादरीवर एकही दाणा नव्हता.

"काय शोधतेस गं?" सहायक मॅडम डबा धुऊन आल्या होत्या.

"मोहरी कमी येतेय."

"तुझी मापं चुकत असतील. सरांना सांगू नकोस हं, उगाच बोलतील. आधीच त्यांचं डोकं ठिकाणावर नाहीये आज. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेत, डॉक्टरला काही सापडलं नाही, तर त्यालाच गाढव म्हणून आले."

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. मी चप्पल भिरकावली आणि सगळं सांगितलं: खाच, सर, दाबलेला अंगठा, न भरणारी कवटी. सांगता सांगता आवाज चढला. "आणि तू? तू तेव्हा का नाही गळा धरलास त्या हवालदाराचा? त्या काकाला अजून चहा पाजतेस! बहीण होती ना तुझी?"

आईने दाताने दोरा तोडला. कापड उलटं करून शिवण पाहिली.

"कुठल्या भोकातून ओततेस?" तिने विचारलं.

"काय?"

"मोहरी. कुठल्या भोकातून?"

"खालच्या. मानेच्या. अगं, मी काय विचारतेय आणि तू काय..."

"बरं," आई म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. या बाईला काही सांगण्यात अर्थ नाही, असं मनात म्हणत मी तशीच झोपले.

६

सकाळी सरांचं व्याख्यान होतं. मी मागच्या बाकावर होते. ते फळ्याकडे वळले आणि मला तो आवाज आला.

सगळ्यांनाच आला असावा, कारण पुढच्या बाकावरची दोन मुलं एकमेकांकडे पाहून हसली. बरणी आडवी केल्यावर आतलं धान्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं, तसा. सर फळ्याकडून मुलांकडे वळले, पुन्हा तोच. ते थांबले. डोकं हळूहळू उजवीकडे कलतं केलं. सळसळ. डावीकडे. सळसळ.

मला तो आवाज पाठ होता. दिवसभर मी तोच ऐकत असते.

बुद्धीने लगेच कारणं पुढे केली. त्यांच्या खिशात काहीतरी असेल. खडूची पेटी असेल. मी दोन रात्री धड झोपले नव्हते. मोहरीचा आवाज कानात बसला असेल, जसा शिंप्याच्या घरातल्यांना यंत्राचा बसतो. ही सगळी कारणं ठीक होती. मी ती एकेक करून पटवून घेत होते, तेवढ्यात सर एक शब्द विसरले. साधा शब्द होता. 'कपाळ'. हात कपाळाला लावून ते उभे राहिले, ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता.

"सर, कपाळ," कुणीतरी म्हणालं.

"हो. तेच. ते."

खाली उतरताना त्यांनी एका हाताने मान धरली होती. डोकं जड झाल्यासारखी.

७

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण जिना चढून मोजणीच्या खोलीत पोचेपर्यंतच. तिथे खालच्या फळीवर ती होती आणि तिच्या खाली ती चिठ्ठी. पुरुष. अनोळखी.

मी भांडारातून मोहरीची नवी गोणी आणली.

त्या दुपारी मी मोजपात्र घेतलंच नाही. नरसाळं लावलं आणि ओतत राहिले. मध्ये पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सरांची आणि आमची भिंत एकच. मी थांबले, तर पलीकडेही शांतता. ओतायला लागले की पलीकडे कण्हणं. पुन्हा थांबले. शांतता. मी हे बराच वेळ करून पाहिलं, लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं. मला त्याची लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. माझ्या आईने इतकी वर्षं 'पळून गेलेलीची बहीण' म्हणून गल्लीतून मान खाली घालून ये-जा केली आहे.

दार उघडलं. सर उभे होते. डोकं दोन्ही हातांनी धरलेलं, आडवं होऊ नये म्हणून तोललेलं.

"तू त्या कवटीचं काय करते आहेस?"

"मोजते आहे, सर."

"थांबव."

"अजून भरली नाही. पुरुषाचं डोकं मोहरी मागत राहतं, तुम्हीच म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोरच्या नरसाळ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला सांगता येणार नाही. पण आयुष्यभर स्वतःला शहाणा समजणारा माणूस असल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यापेक्षा मरण पत्करेल, हे मात्र मला त्या चेहऱ्यावर दिसलं.

"भरत नाही कारण तुला भरता येत नाही," ते म्हणाले. "सरक बाजूला. मी दाखवतो."

"दाखवा, सर. आणि बाई निघाली तर लिहून द्या."

"बाई!" ते हसायला गेले, पण सळसळ झाली म्हणून हसू अर्ध्यावर सोडलं.

८

ते माझ्या खुर्चीवर बसले. नरसाळ्यातून मोहरी सोडली. सरांचा हात मात्र सुंदर होता, हे मी कबूल करते. एक दाणा इकडेतिकडे झाला नाही. मोहरी कडेला आली. त्यांनी नरसाळं काढलं आणि सवयीप्रमाणे अंगठा भोकात घालून दाबला.

अंगठा खाली गेला तसं त्यांचं डोकं खाली गेलं. कुणीतरी वरून हात ठेवून दाबावं तसं, खांद्यांमध्ये, किंचित.

त्यांनी अंगठा सैल केला. डोकं वर आलं.

"कोण आहे मागे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, सर."

त्यांनी पुन्हा दाबलं. मला वाटतं, तो हट्टच होता. जोर लावून, अंगठ्याचं पेर पांढरं पडेपर्यंत. मोहरी करकरली. दातओठ खाल्ल्यासारखा तो आवाज कवटीतून आला की त्यांच्यातून, मला कळलं नाही. त्यांचे डोळे पुढे आले. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, काहीतरी काळं, गोल, बारीक दिसलं. ते तिथे क्षणभर थांबलं. मग ओघळलं आणि टेबलावर टिक् असा आवाज करून पडलं. मागोमाग दुसरं.

मी एवढंच पाहिलं. नंतर मी खिडकीकडे तोंड केलं होतं.

"काढ," मागून आवाज आला. "काढ ते. माझ्याच्याने अंगठा... काढ."

"आधी लिहा."

त्यांच्या जुन्या अहवालाचा कागद माझ्याकडे तयारच होता. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, त्यांनी 'पुरुष' खोडलं आणि वर 'स्त्री' लिहिलं. सही केली. मग अंगठा सुटला. मी कवटी उचलून मोजपात्रावर उलटी केली.

एक दाणाही पडला नाही.

सर टेबलावर डोकं टेकून बसले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या आत सगळं एका बाजूला वाहत गेलं.

"हे बाहेर कसं काढायचं?" त्यांनी विचारलं. लहान मुलासारखं.

"सर, तुम्ही फक्त एकच रीत शिकवलीत," मी म्हटलं. "उलटं करून."

सहायक मॅडम आल्या तेव्हा मी टेबल पुसत होते. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. पुढे मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून काय सांगितलं ते मला माहीत नाही. सर घरी आहेत, भिंतीला टेकवून बसवून ठेवतात, आडवं करत नाहीत, एवढं कानावर आलं.

९

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. हाड आणि आईचं रक्त जुळलं. मावशीचं नाव तिला परत मिळालं. गल्लीतल्या बायका आईकडे येऊन डोळे पुसून गेल्या. याच बायकांनी तेव्हा तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं. काकाला पोलिसांनी दोनदा बोलावलं आणि दोनदा सोडलं. अधिकारी म्हणाले, इतकी वर्षं झाली, साक्षीदार नाही, भोक दगडाने पडलं की हातोडीने, आता कोण सांगणार?

कवटी आईच्या स्वाधीन केली. तिने ती शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवली, जिथे कापड ठेवतात तिथे. रडली नाही. मी पुन्हा संतापले. मला वाटलं, ही बाई दगडाची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आला. खुर्ची ओढून पाय पसरले.

"ताई, फार वाईट झालं हो," तो म्हणाला. "मला काय माहीत, ती असल्या ठिकाणी जाऊन पडेल. स्वभावच तसा होता तिचा. आता झालं गेलं. पोलिसांना तुम्ही एक शब्द सांगा ना, उगाच मला हेलपाटे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई उठली. "बसा," ती म्हणाली. "चहा घेऊन जा. दे गं त्यांना."

ती आतल्या खोलीत गेली. मी रागाने चहा ठेवला. साखर घ्यायला आत डोकावले तर ती यंत्रासमोर बसलेली. कवटी उलटी नव्हती. आडवी होती, डाव्या अंगावर निजवलेली. मानेचं मोठं भोक आईने चिंध्या कोंबून बंद केलं होतं. कानशिलावरचा कापूस काढला होता. त्या छोट्या, आत दबलेल्या भोकात कागदाची पुरचुंडी नरसाळ्यासारखी खोचलेली होती, आणि मांडीवर स्वयंपाकघरातला मोहरीचा डबा होता.

"ते भोक त्या मास्तरांचं होतं," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "हे याचं."

मी चहा घेऊन बाहेर आले. काकाने कप हातात घेतला. आतून पडणाऱ्या मोहरीचा बारीक आवाज येत होता, लांब, एकसारखा, न चढणारा.

काकाने घोट घेतला आणि थांबला. डोकं उजवीकडे कलतं केलं. करंगळी कानात घातली.

"काय झालं, काका?"

"काही नाही गं. पाणी गेलं वाटतं." तो उठायला लागला. "निघतो मी."

"बसा हो," आतून आई म्हणाली. इतक्या मायेने तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "साखर घाल गं त्यांच्या चहात अजून. घाई कसली आहे?"

मग मोहरी ओतण्याचा आवाज थांबला. आत आईने अंगठा टेकला असावा, कारण उठू पाहणाऱ्या काकाचं डोकं हळूच खाली गेलं आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.